साडेसात किलोच्या बाळाचं डायलिसिस : रक्ताचं की पोटाचं? सांगली-मिरजेकडं कुणाला अनुभव आहे का?

तासगावची_आत्या
नमस्कार मंडळी. भावाचा मुलगा १४ महिन्यांचा आहे, वजन साडेसात किलो. लघवीच्या वाटेत जन्मापासून पडदा होता, डॉक्टर त्याला पीयूव्ही म्हणतात. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दुर्बिणीतून तो काढला, पण तोवर पोटात असतानाच दोन्ही किडन्यांवर ताण येऊन गेला होता. आता रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा आकडा) चढत चाललंय, बाळ खात नाही, उलट्या करतं. डॉक्टर म्हणाले, डायलिसिसची तयारी ठेवा.

जवळच्या एका सेंटरवर विचारलं तर १५ किलोच्या खालच्या मुलांना आम्ही घेत नाही म्हणाले. घरात सगळ्यांचा एकच प्रश्न आहे. मशीन तर तेच, मग मोठ्यांना लावतात तसं बाळाला का लावत नाहीत? भाऊ म्हणतो, पुण्याला खोली घेऊन राहू. वहिनीचं म्हणणं, बाळाला लघवी तर भरपूर होते, डायपर सारखे भिजलेले असतात, मग किडनी गेली असं कसं म्हणता?

अजून एक. माझा आणि बाळाचा रक्तगट एकच आहे. मी किडनी द्यायला तयार आहे. चालेल का? कुणी या वाटेनं गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

हळदपेठ
आत्या, आम्ही गेलोय या वाटेनं. मुलगी नऊ महिन्यांची असताना. लिहितो सवडीनं, तोवर धीर सोडू नका.

मिरज_सिस्टर
ताई, मी बरीच वर्षं मुलांच्या डायलिसिस युनिटमध्ये काम केलंय, आता माहेरी मिरजेत असते. जरा मोठं लिहिते.

त्या सेंटरनं नाही म्हटलं याचा राग धरू नका. मशीन तेच असलं तरी बाळ छोट्या मापाचा मोठा माणूस नसतं. साधा हिशोब बघा. लहान बाळाच्या अंगात किलोला साधारण ८० मिली रक्त असतं. म्हणजे तुमच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ६०० मिली. डायलिसिस चालू असताना नळ्या आणि डायलायझरमध्ये, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्यात, जेवढं रक्त अंगाबाहेर फिरत असतं, ते एकूण रक्ताच्या दहाव्या हिश्शाच्या आत असावं असा नियम आहे. म्हणजे बाळाच्या बाबतीत ६० मिली. मोठ्यांच्या नळ्या आणि डायलायझर मिळून २०० मिलीच्या आसपास जागा घेतात. तो सेट बाळाला लावला तर एक तृतीयांश रक्त एका झटक्यात बाहेर. विहिरीतून तांब्याभर पाणी काढलं तर कळत नाही, कळशीतून काढलं की लगेच कळतं.

म्हणून बाळांसाठी वेगळ्या बारीक नळ्या आणि छोटा डायलायझर लागतो. तो नेहमी साठ्यात नसतो, मागवावा लागतो. तेवढ्यानं भागलं नाही तर नळ्या आधी रक्तपेढीच्या रक्तानं भरून घेतात आणि मग जोडतात. असं केलं असेल तर शेवटी नळीतलं रक्त बाळाला परत देत नाहीत, कारण मग अंगात रक्त जास्त होऊन बीपी चढतं. आणि मधेच सेट गोठला तर? मोठ्या माणसाला तेवढं रक्त गेलेलं सोसतं. बाळाला दुसऱ्या दिवशी रक्त चढवावं लागतं.

दुसरी अडचण शिरेची. हातातली फिस्टुला, म्हणजे सुया टोचण्यासाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा, साधारण २० किलोच्या पुढं जमते, त्याआधी शिरा फार बारीक असतात. म्हणून मानेच्या उजव्या बाजूच्या मोठ्या शिरेत दोन तोंडांची नळी बसवतात. बाळाला ती ७ किंवा ८ फ्रेंचची, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या आसपास जाडीची. नळीची जाडी निम्मी झाली की त्याच दाबाला तिच्यातून जाणारं रक्त निम्मं होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतं. त्यामुळं ती सारखी अडते. बाळानं मान वळवली की मशीन ओरडतं. बाळ रडलं की प्रवाह बंद. मोठ्यांना मिनिटाला ३०० मिलीनं रक्त फिरवतात, तुमच्या बाळाला ३५-४० मिली. इतक्या हळू रक्त फिरलं की ते गोठायला बघतं. ते गोठू नये म्हणून हेपॅरिन वाढवलं तर कुठून तरी रक्त यायची भीती. दोन डायलिसिसच्या मधे नळीत हेपॅरिन भरून ठेवतात, तेही नळीच्या पोकळीत मावेल तेवढंच. अर्धा मिली जादा गेलं तर ते थेट बाळाच्या अंगात जातं.

मग पाणी काढणं. एका बैठकीत वजनाच्या पाच टक्क्यांच्या वर पाणी काढू नये म्हणतात. तुमच्या बाळाचे होतात ३७५ मिली. ज्या बाळाला लघवीच होत नाही, ते दोन दिवसांत दीड लिटर दूध पिऊन येतं. मोठ्या माणसाला दिवसाला लिटरभरच पाणी प्या म्हणून सांगता येतं, बाळाचं जेवणच पातळ. दूध तोडलं तर वाढ खुंटते आणि मेंदूच्या वाढीचं तर हेच वय. म्हणून मोठ्यांना आठवड्यातून तीनदा पुरतं तिथं तान्ह्यांना चार-पाच वेळा, कधी रोज डायलिसिस करावं लागतं.

बीपी पडणार हे बाळ सांगू शकत नाही. मशीनचा अलार्म नंतर वाजतो, बाळाकडं बघणाऱ्या बाईला आधी कळतं. खेळणारं मूल एकदम गप्प होतं. जांभया देतं. नाकाचा शेंडा आणि ओठांभोवतीची कातडी पांढरट पडते. आईचा पदर चाचपायला लागतं, पोटाशी पाय घेतं, मग उलटी. जांभईच्या वेळीच पाणी काढणं थांबवून थोडं सलाईन दिलं की निभतं. म्हणून एका बाळामागं एक शिकलेली सिस्टर पूर्ण वेळ लागते. जिथं एक टेक्निशियन चार-पाच मशीन बघतो तिथं हे शक्य नाही. १५ किलोचा नियम तिथून येतो, आणि माझ्या मते तो प्रामाणिक नियम आहे. वजनाला न बघता 'हो, करतो' म्हणणाऱ्या ठिकाणाची मला जास्त काळजी वाटते.

शिवाय रक्त नळ्यांतून फिरताना गार होतं, बाळाचं अंग थंड पडतं. पहिल्या काही बैठका मुद्दाम छोट्या आणि सावकाश करतात, कारण रक्तातला युरिया एकदम उतरला तर मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात. पहिल्या दिवशी दीड-दोन तासांतच थांबवलं म्हणून नातेवाईक भांडतात. भांडू नका.

आता वहिनींच्या प्रश्नाचं. लघवी भरपूर होते म्हणजे किडनी बरी असं नाही. पडद्याच्या बाळांची किडनी लघवी घट्टच करू शकत नाही. पाणी आणि मीठ नुसतं वाहून जातं, घाण मात्र आतच राहते. अशा बाळांचं पाणी तोडायचं नसतं, उलट पाणी आणि मीठ भरून द्यावं लागतं. जुलाब-उलट्या झाल्या की ही मुलं पटकन सुकतात आणि उरलीसुरली किडनी जाते. कुणी 'किडनीचा पेशंट आहे, पाणी कमी द्या' म्हटलं तर आधी डॉक्टरांना विचारा.

माझं मत विचाराल तर, पोट चांगलं असेल तर एवढ्या बाळाला पहिली निवड पोटाच्या डायलिसिसची, म्हणजे पोटात औषधी पाणी सोडून रक्त साफ करायची. जगभर तान्ह्यांमध्ये हेच आधी बघतात.

अण्णा_पलूस
माझ्या पाहुण्यात एकाला गोखरूच्या काढ्यानं क्रिएटिनिन खाली आलेलं. करून बघायला काय हरकत? शहाळ्याचं पाणी पण चांगलं म्हणतात.

मिरज_सिस्टर
अण्णा, तुम्ही मायेनं सांगताय, पण हे नका करू. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी निकामी झालेल्या बाळाचं पोटॅशियम चढलं की हृदय थांबू शकतं आणि त्याआधी काही लक्षण दिसेलच असं नाही. केळं, टोमॅटो, आणि तुमच्या तासगावचा बेदाणा, तोही यातच मोडतो. बाळाला ताकद यावी म्हणून आजी बेदाणे भिजवून पाणी पाजते, ते आज बंद करा. काढ्यात काय किती असतं ते मोजलेलं नसतं, मोठ्या माणसाला सोसलेलं बाळाला सोसत नाही.

दुधाचंही तेच. म्हशीच्या आणि गाईच्या दुधात फॉस्फरस जास्त, हाडं त्यानं खराब होतात. आईचं दूध चालू असेल तर ते सर्वांत चांगलं, त्यात फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही कमी. बाकी आहार मुलांच्या किडनीचं कळणाऱ्या आहारतज्ज्ञाकडून घ्या.

अण्णा_पलूस
बरं झालं सांगितलंत. घरी फोन करून सांगतो, तिकडंही एक पेशंट आहे.

हळदपेठ
आता सविस्तर. आमच्या मुलीच्या दोन्ही किडन्या जन्मतःच लहान होत्या. सुरुवातीला तिची तब्येत अचानक बिघडल्यामुळं मानेत नळी घालून रक्ताचंच डायलिसिस करावं लागलं, पुण्यात. तिथल्या लोकांनी जीव तोडून केलं. पण दिवसाआड पाच-सहा तास बायको तिला मांडीवर धरून बसायची, हात धरून, नळी ओढू नये म्हणून. त्यात एकदा थंडी वाजून ताप आला. नळीत जंतू गेलेले. ती नळी काढून दुसरी घातली.

मग पोटात मऊ नळी बसवली आणि आम्ही सांगलीला परत आलो. पोटाच्या आतल्या पडद्यातूनच रक्त साफ होतं. पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, काढून टाकायचं, नवीन सोडायचं. या एका फेरीला सायकल म्हणतात. सगळं उंचीवर चालतं. पिशवी वर टांगली की पाणी आत, खाली ठेवली की बाहेर. रात्रभर करणारं मशीनही असतं, पण आम्ही हातानंच केलं.

याचा अर्थ २०१९ च्या पुरात कळला. सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी तिथं ४५. वीज नाही, रस्ते बंद, पुणे-बेंगळुरू हायवेही बंद. आम्ही पाणी दारात यायच्या आधीच पिशव्यांची खोकी टेम्पोत घालून मिरजेला पाहुण्यांकडं गेलो आणि तिथल्या आतल्या खोलीत एकही दिवस न चुकता सायकली केल्या. रक्ताच्या डायलिसिसला एका बैठकीला १२० लिटरच्या आसपास शुद्ध केलेलं पाणी आणि अखंड वीज लागते. त्या आठवड्यात ओळखीतल्या दोन पेशंटांची जी तारांबळ झाली ती बघवत नव्हती.

त्रास यातही आहे. हात धुण्यात कसूर झाली तर पोटात जंतू जातात. बाहेर येणारं पाणी गढूळ दिसलं, पोट दुखलं, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि हे रोज करायचं असतं, दिवाळीलाही, घरात लग्न असलं तरीही. बायकोची झोप वर्षानुवर्षं तुटकीच. ते कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. तुमच्या वहिनींच्या जोडीला घरातला अजून एक माणूस पूर्ण शिकलेला पाहिजे. आत्या, तो तुम्ही व्हा.

मुलीला नंतर आईची किडनी बसली. शाळेत जाते.

वाळवा_ऊसपट्टा
धाग्याचा विषय कायमच्या आजाराचा आहे, पण आमच्याकडं लहान मुलांना डायलिसिस लागायचं अजून एक कारण घोणस. गेल्या हंगामात ऊसतोडीच्या टोळीतल्या पोराला चावली, लघवी बंद झाली. त्याला काही दिवस डायलिसिस करून किडनी पूर्ण चालू झाली. म्हणजे डायलिसिस लागलं की जन्माचं लागलं असं नसतं ना?

बालरोग_कराड
बरोबर. सर्पदंश, जुलाबानं शरीर सुकणं, गंभीर जंतुसंसर्ग यात किडनी तात्पुरती बंद पडते आणि बहुतेकदा काही आठवड्यांत परत चालू होते. अशा वेळी पालकांनी 'एकदा लागलं की सवय लागते' या समजुतीनं नकार देऊ नये, त्यात जीव जातो. मुलाला सर्पविषाची लस मोठ्यांइतकीच लागते, कारण सापानं सोडलेलं विष माणूस लहान म्हणून कमी नसतं.

सिस्टरांनी उत्तम लिहिलंय. मी बालरोगतज्ज्ञ आहे, प्रत्यारोपणाच्या बाजूनं दोन गोष्टी जोडतो. नळ्या बाहेरच्या रक्तानं भरणं किंवा वरचेवर रक्त चढवणं याची किंमत नंतर मोजावी लागते. परक्या रक्तातल्या पेशींविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि पुढं जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. रक्त टाळता येत नसेल तेव्हा पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा, आणि हिमोग्लोबिनसाठी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं आणि लोह वेळेवर चालू ठेवा.

दुसरं म्हणजे शिरा. या मुलाला पुढची कित्येक दशकं जगायचं आहे. आज बसलेली किडनीही जन्मभर पुरेल असं नाही, केव्हातरी परत डायलिसिस लागू शकतं. मानेतली आणि हातातली प्रत्येक शीर तेव्हासाठी राखून ठेवायची असते. गळपट्टीच्या हाडाखालून नळी घालणं टाळतात, कारण तिथली शीर आकसली तर त्या बाजूच्या हातात पुढं फिस्टुला चालत नाही.

गोवर-कांजण्यांच्या जिवंत लसी प्रत्यारोपणाच्या आधी पूर्ण करा, नंतर देता येत नाहीत. हिपॅटायटिस बीची लस देऊन प्रतिपिंडं तपासून घ्या.

माणदेशी
परदेशात खास बाळांसाठी छोटं मशीन आलंय असं वाचलं होतं. ते आपल्याकडं मिळवता येणार नाही का?

बालरोग_कराड
तुम्ही कार्पेडीएम नावाच्या मशीनबद्दल वाचलं असणार. इटलीत विचेन्झाला २०१३ मध्ये पहिल्यांदा एका नवजात बाळावर वापरलं. अमेरिकेत एफडीएनं (औषधं आणि उपकरणांना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) २०२० मध्ये अडीच ते दहा किलोच्या मुलांसाठी मान्यता दिली. फार मोलाचं काम आहे, त्याआधी अशा बाळांना मोठ्यांचीच यंत्रं जुळवून घेऊन वापरत. पण ते आयसीयूतल्या, किडनी अचानक बंद पडलेल्या बाळांसाठी आहे. या बाळाला महिनोन्‌महिने घरी राहून चालेल असा उपाय हवाय, त्यामुळं त्यामागं धावण्यात वेळ घालवू नका.

माणदेशी
धन्यवाद डॉक्टर. खर्चाचं मी सांगतो, हे काम माझ्या रोजच्या कामाशी जोडलेलं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरती व्हायच्या आधी त्याला गाठा, नंतर नव्हे. रेशनकार्डावर बाळाचं नाव चढलंय का ते आजच बघा. बऱ्याच घरात आईबापाचं असतं, बाळाचं राहून गेलेलं असतं आणि ऐन वेळी तहसीलला पळापळ होते. आधारही काढून ठेवा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडं नोंद झाली तर पुढं पाठवायला मदत होते.

तासगावची_आत्या
सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाही. भावाला आणि वहिनीला सगळा धागा वाचून दाखवला. किडनीचं मात्र कुणी लिहिलं नाही.

मिरज_सिस्टर
राहिलंच ते. ताई, १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचे नातेवाईक कोण ते ठरवून दिलंय. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं, पती-पत्नी, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडं. आत्या त्यात येत नाही. तुम्ही देऊच शकत नाही असं नाही, पण प्राधिकृत समितीची परवानगी लागते, कागदपत्रं आणि मुलाखत होते. आधी आई-वडील आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांची तपासणी होऊ द्या.

आणि हे लगेच होणारं नाही. मोठ्या माणसाची किडनी बाळाच्या पोटात बसवायला साधारण दहा किलो वजन लागतं. पडद्याच्या बाळांचं मूत्राशयही खराब झालेलं असतं, तेही आधी तपासावं लागतं, नाहीतर नवी किडनीही त्याच त्रासात सापडते. म्हणजे साडेसातवरून दहा किलोपर्यंत बाळाला नेणं हे आता घरातल्या सगळ्यांचं काम. भूक नसते या मुलांना, नाकातून नळी घालून रात्री दूध द्यायला सांगितलं तर वहिनींनी ते आपलं अपयश समजू नये.

पोटाची नळी बसवल्यावर जखम भरायला दोनेक आठवडे देतात. बाळ अत्यवस्थ होईपर्यंत थांबलात तर तेवढी उसंत मिळत नाही आणि घाईत मानेतच नळी जाते. म्हणून आत्ताच मुलांच्या किडनीतज्ज्ञाला दाखवा. पुण्यात आहेत, मुंबईत परळच्या वाडियात आहेत. तासगावाहून पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात. ते अंतर आठवड्यातून चारदा कापणं माणसाला शक्य नाही, पोटाच्या डायलिसिसला महिन्यातून एखाद्या वेळी जाऊन भागतं. पोट उघडून आधी मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, आत चिकटलेलं असेल, तर मात्र रक्ताचंच करावं लागतं. तसं ठरलं तर जिथं लहान मुलांचं रोज होतं तिथंच करा, मग भावाचं पुण्याला खोली घेण्याचं म्हणणं बरोबर.

तासगावची_आत्या
अपडेट देते. पुण्याला दाखवलं. पोटाचंच करायचं ठरलंय, तारीख मिळाली. जांघेत हर्निया आहे का तेही त्याच वेळी बघून शिवतो म्हणाले, पोटात पाणी भरल्यावर तो वाढतो म्हणे. आजीनं बेदाण्याचं पाणी बंद केलं. वहिनी पहिल्यांदा नीट जेवली. आता घरात खोली कशी तयार करायची ते सांगा. आमचं घर जुनं आहे, वर पत्रा आहे.

हळदपेठ
पत्र्याचं घर असलं तरी चालतं. एक कोपरा निवडा जिथं वरून धूळ पडत नाही, वर ताडपत्री किंवा प्लायवूड मारून घ्या. भिंतीला चुना नको, पुसता येईल असा रंग द्या. पिशवी अडकवायला आढ्याला पक्का हूक. सायकल चालू असताना पंखा बंद, दार बंद, तोंडाला मास्क. हात धुवायला तोटीचं वाहतं पाणी जवळ पाहिजे, बादलीत हात बुडवायचे नाहीत. शेळ्या-कोंबड्या त्या बाजूला येऊ देऊ नका. पिशव्यांचा महिन्याचा साठा एकदम येतो, तेवढी खोकी जमिनीपासून वर, ओल नसलेल्या जागी ठेवायची सोय बघा.

मिरज_सिस्टर
शिवाय एक वही घाला. रोज सकाळी त्याच वेळी, त्याच काट्यावर, डायपर काढून वजन. आत किती सोडलं, बाहेर किती आलं, रंग कसा. बीपीचा पट्टा बाळाच्या मापाचाच घ्या, मोठ्यांच्या पट्ट्यानं आकडा चुकीचा येतो. बाळ वाढतं तसं त्याचं कोरडं वजनही, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, बदलत जातं. ते वेळच्या वेळी नव्यानं ठरवलं नाही तर वाढलेलं मांस पाणी समजून काढलं जातं, किंवा साठलेलं पाणी वाढ समजून राहून जातं. डॉक्टरांना त्या वहीवरून सगळं कळतं.

आणि रक्त तपासायला कुणी आलं तर मनगटाच्या वरची आणि कोपरातली शीर टोचू देऊ नका. तळहाताच्या मागची घ्या म्हणून सांगा. लॅबचा मुलगा कुरकुर करेल, करू दे.

हळदपेठ
आमच्याकडं मुलीच्या वेळचा बाळांचा वजनकाटा आहे, दहा ग्रॅमपर्यंत दाखवतो, चालू आहे. आता आम्हाला लागत नाही. सांगलीला कधी येणार ते कळवा, घेऊन जा.

तासगावची_आत्या
दादा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. गुरुवारी बाजाराला भाऊ येतोय.